मानाचं उड्डाण

आमच्या मोठ्या बाबांनी एक लढाई जिंकली आहे, असा घरात समज होता. कोणती, ते विचारायचं नाही. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दुसऱ्या महायुद्धात ते आसामकडच्या कुठल्याशा विमानतळावर होते, एवढं खरं. तिथून आणलेला खाकी कोट आमच्या सोनाळ्याच्या घरात खुंटीला टांगलेला असे. तिथं त्यांनी काय केलं, हे मात्र ऐकणारा कोण आहे त्यावर ठरायचं. रोजानं आलेला गडी असला तर मोठे बाबा स्वतः विमान चालवत. चार बुकं शिकलेला कुणी असला तर चालवणाऱ्याच्या मागं बसत. आणि शाळेचे हेडमास्तर आले की म्हणत, "ते सारं गुप्त हाय मास्तर. सरकारनं बोलू नका म्हनलं."

त्यांची बायको, आमची मोठी आई, हे सगळं चुलीपाशी बसून ऐकायची. तिनं कधी हूं की चूं केलं नाही. ती कमी बोलायची, आणि बोलली तरी कुणी ऐकून घेत नसे. कानानं अधू असल्यासारखं सगळे तिला वागवायचे. तिचे कान ठणठणीत होते.

चीनची लढाई होऊन गेली होती. महाराष्ट्र नवा होता आणि पुढाऱ्यांच्या टोप्याही नव्या होत्या. गावोगाव संरक्षण निधीच्या सभा चालल्या होत्या. अशात खामगावला जुन्या लढाऊ विमानांचा खेळ होणार असल्याची बातमी आली. महायुद्धात वापरलेली विमानं येणार, आकाशात कोलांट्या मारणार, बॉम्ब टाकून दाखवणार. मोठ्या बाबांनी ऐकलं आणि मिशीवरून हात फिरवला. "माह्याच वेळची असतीन," असं म्हणाले, जणू त्यांच्या गोठ्यातली वासरं कुणी विकत घेऊन वाढवली होती.

माझ्या बाबांना भावाचा भारी अभिमान. त्यांनी ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा सरकीचा ट्रक ठरवला. सगळं घर निघालं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. पुरुष पुढं ड्रायव्हरच्या शेजारी, आणि बायका-पोरं मागं रिकाम्या बोऱ्यांवर. सरकीच्या वासानं डोकं भणभणत होतं. मोठ्या बाबांनी तो खाकी कोट घातला होता. पोटावर त्याची बटणं लागत नव्हती म्हणून ते हात मागं बांधून, छाती काढून चालत होते; त्यामुळं कोट मुद्दाम उघडा ठेवलाय असं वाटे. पूर्णा ओलांडेपर्यंत त्यांनी ड्रायव्हरला विमान कसं वळवतात ते शिकवलं. ड्रायव्हर म्हातारा, शांत माणूस होता. त्याला आम्ही चाचा म्हणायचो. तो प्रत्येक वाक्याला "जी हां, जी हां" म्हणायचा आणि रस्त्यातले खड्डे चुकवायचा.

खामगावच्या बाहेर, शेगाव रस्त्याला, ज्वारी निघालेली वावरं सपाट करून मैदान केलं होतं. एका बाजूला मोठा मंडप. त्यात पाहुण्यांसाठी सोफे. सोफ्यांवर पांढऱ्या चादरी आणि चादरींवर कावळ्यांची घाण. मुख्य पाहुणे आले नव्हते. ते येईपर्यंत त्या सोफ्यांवर कुणी बसायचं नाही म्हणून एक शिपाई छडी घेऊन उभा होता. तो कावळ्यांना काही म्हणत नव्हता.

बायकांसाठी वेगळी जागा केली होती. आयोजकांपैकी कुणाला तरी मर्यादेची फार काळजी असावी, कारण त्यांनी त्या जागेला चारी बाजूंनी उंच कनात लावली होती. आत शिरलं की चारी बाजूला कापड. विमानं आकाशात उडतात खरी, पण ती जमिनीवरून उठतात आणि जमिनीवरच उतरतात, एवढं त्या विद्वानांच्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे आम्ही विमानांचा खेळ बघायला इतक्या लांब येऊन आंघोळीला उभं राहावं तशा त्या कापडात उभ्या होतो.

आई म्हणाली, "आता काय करावं वं बाई?"

 मोठी आई खाली बसली, कनातीची खालची किनार मातीतून उपसली आणि गुडघ्यापर्यंत गुंडाळून वर धरली. मग आम्ही सगळ्या ओळीनं पालथ्या पडून बाहेर बघू लागलो. बाजूच्या बायकांनीही तेच केलं. जरा वेळानं त्या कनातीखालून सगळीकडं बायकांची डोकीच डोकी दिसत होती.

खेळ सुरू झाला, कारण विमानवाल्यांना दुपारनंतर परत जायचं होतं आणि त्यांना पाहुण्यांशी कर्तव्य नव्हतं. आधी एक मोठं रुपेरी विमान आलं. मैदानावरून गुरगुरत गेलं आणि रंगीत कागद टाकून गेलं. कागद वाऱ्यानं नदीकडं गेले. मग एक लहान, नाकाडं लढाऊ विमान आलं. ते उभं वर गेलं, थांबल्यासारखं झालं आणि सूर मारून खाली आलं. लोक ओरडून पळाले. शिपाई छडी टाकून सोफ्याखाली शिरला. त्या दिवसात मला मनापासून आवडलेली ती पहिली गोष्ट.

लाउडस्पीकरवर एक गृहस्थ शुद्ध मराठीत माहिती सांगत होते. त्यांना काहीही माहीत नव्हतं. "हे विमान अतिशय वेगवान असून, अतिशय उंच जाते, व अतिशय शूर आहे," असं ते प्रत्येक विमानाबद्दल सांगत. मध्येच "पाहुणे शेगावातून निघालेले आहेत" असं जाहीर करत. पाहुणे त्या दिवशी शेगावातून फार वेळा निघाले.

मग बॉम्बफेक. मैदानाच्या टोकाला तट्ट्यांचं एक खोपट उभं करून त्याला शत्रूचं ठाणं म्हटलं होतं. दोन लहान दुपंखी विमानं आली. दोघांत दोन-दोन माणसं. मागच्या माणसानं हातानं पिशव्या टाकल्या. पिशव्यांत पीठ होतं. त्या फुटून पांढरा धूर उठावा असा बेत. शत्रूच्या ठाण्याला एकही पिशवी लागली नाही. एक आयोजकांच्या जीपवर फुटली, एक पाण्याच्या टाकीत पडली आणि एक आमच्या कनातीजवळ.

मोठ्या आईनं हात लांब करून चिमूटभर पीठ उचललं, जिभेवर ठेवलं.

"गव्हाचं हाय," ती म्हणाली.

 त्या सालात आमच्याकडं सणाला गहू मिळवायचा म्हणजे चार जणांची मनधरणी करावी लागे. रेशनच्या दुकानासमोर लाल, वास मारणाऱ्या ज्वारीसाठी माणसं उभी राहत. आणि इथं हे पीठ मातीत. शेजारची एक बाई सरळ बाहेर गेली आणि पदरात ते पीठ भरू लागली. एक स्वयंसेवक ओरडत आला, "बाई, ते सैन्याचं आहे!" बाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. वरचं वरचं स्वच्छ पीठ भरून ती परत आली. मला वाटतं, त्या दिवशीच्या बॉम्बफेकीतून देशाच्या कामी आलं ते तेवढंच.

यानंतर लाउडस्पीकरवरचे गृहस्थ म्हणाले, "आपल्या जिल्ह्यातील जे शूर वीर मागील महायुद्धात विमानदलात होते, त्यांच्यापैकी एकास मानाचं उड्डाण देण्यात येणार आहे. अशी कोणी व्यक्ती उपस्थित असल्यास पुढे यावे."

मोठे बाबा हलले नसते, असं मला आज वाटतं. त्यांना स्वतःबद्दल पुरेशी माहिती होती. पण माझ्या बाबांनी आधीच मंडपात जाऊन भावाचं नाव सांगून ठेवलं होतं. ते नाव आता भोंग्यातून आलं, "शूर वैमानिक" हे दोन शब्द पुढं लावून. टाळ्या पडल्या. बाबा त्यांना दंडाला धरून घेऊन निघाले. मोठे बाबा छाती काढून, हात मागं बांधून चालत होते. चालण्यात काही कमी नव्हतं. कमी पडलं ते विमानाजवळ पोचल्यावर.

ते दुपंखी विमान आमच्या कनातीपासून हाकेच्या अंतरावर उभं होतं. वर छप्पर नाही, दोन खड्डे केल्यासारख्या दोन जागा. पायलट तरुण, सडसडीत पोरगा होता. त्यानं सलाम ठोकला. "आइए साब. पीछे बैठिए."

मोठ्या बाबांनी पंखावर बोट टेकवलं. मग दोन बोटांनी दाबून पाह्यलं.

"हे तं कापडाचं हाय!" ते बाबांना म्हणाले. हळू म्हणाले, पण आम्ही ऐकलं.

"कपडा ही होता है साब, शुरू से," पायलट म्हणाला. "आप तो जानते हैं."

"हाव, हाव. जानतो ना. पन आमच्या वेळेस लोखंडी होते." मग त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली, विकत घ्यायच्या बैलाभोवती मारावी तशी. चाकाला पाय लावून पाह्यला. तेल कोणतं घालता म्हणून विचारलं. पट्टा जुना आहे म्हणाले. वारा उलटा आहे म्हणाले. मग सकाळपासून पोटात जरा गडबड आहे, असंही म्हणाले.

बाबांचा चेहरा पडत चालला होता. "दादा, बसा ना. लोक पाहून राह्यले."

लोक पाहतच होते. भोंग्यातून पुन्हा एकदा शूर वैमानिक झालं. मोठ्या बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, जनावर फट शोधतं तसं, आणि त्यांची नजर कनातीखालच्या डोक्यांवर आली.

"मी तं जिंदगीभर बसलो विमानात," ते मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मले काय त्याचं? ते आमच्या घरची पाहा, तिनं बिचारीनं काईच पाह्यलं नाही. तिले बसवा!" आणि हसले. त्यांच्या हिशेबानं बाई लाजेल, पदर तोंडावर घेईल, लोक हसतील, आणि तेवढ्यात ते बाजूला होतील. तीस वर्षं संसार केला होता त्यांनी तिच्याबरोबर. इतका वेळ शेजारी राहूनही माणसाला बायको किती कमी कळू शकते, ते मी त्या दिवशी पाह्यलं.

मोठी आई कनातीखालून बाहेर आली. उठली. लुगड्याची माती झटकली.

"हाव," ती म्हणाली. "बसवा मले."

 एक आयोजक धावत आले. "बाई? असं कसं? बाई माणूस... नऊवारी लुगडं... पाहुणे आल्यावर त्यांना काय सांगायचं?"

मोठे बाबाही घाईनं म्हणाले, "अवं, मी गंमत केली. जाय, बस तिकडं."

तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. ती पायलटला म्हणाली, "कुठी पाय देऊ, बापू?"

पायलट हसला. त्याला मराठी किती कळत होती कोण जाणे, पण एवढं कळलं. "यहाँ, माँजी. सिर्फ यहाँ. बाकी जगह कपडा है." तिनं कासोटा आवळला, पदर कमरेला खोचला आणि शेतातल्या माचणावर चढावं तशी चढली. पायलटनं तिच्या डोक्यावर चामड्याची टोपी चढवली, डोळ्यांना चष्मा लावला, पट्टा बांधला. त्या टोपीत तिचं कुंकू अर्धं झाकलं गेलं. आई रडायला लागली. मी कनातीखालून पार बाहेर आले होते आणि मला कुणी आत जा म्हणालं नाही.

एकानं पुढचा पंखा फिरवला. इंजिन खोकलं, मग पेटलं. विमान वावरातल्या ढेकळांवरून हेलकावत धावलं आणि उठलं.

नेमके तेव्हाच पाहुणे आले. मोटारींची रांग, धुरळा, बँड. मंडपाच्या दारात हार घेऊन माणसं उभी. पाहुणे गाडीतून उतरले, हात जोडले, आणि त्यांच्या लक्षात आलं की जोडलेल्या हातांकडं कुणीच बघत नाही. सगळं मैदान माना वर करून उभं होतं. हार घालणाऱ्याचीही मान वर होती. त्यानं हार पाहुण्यांच्या टोपीत अडकवला. पाहुण्यांना वाटलं, काहीतरी फार मोठं चाललंय, म्हणून त्यांनीही वर पाह्यलं. सोनाळ्याची एक बाई त्यांच्या डोक्यावरून चालली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्यांनी सोफ्यावर बसून घेतलं आणि लगेच भाषणाला उठले. "या पवित्र भूमीतील शेतकरी बंधूंनो," असं ते म्हणाले, तेवढ्यात विमान वळून खाली आलं. पुढचं काही ऐकू आलं नाही. विमान गेल्यावर पाहुणे पुन्हा म्हणाले, "या पवित्र भूमीतील," आणि विमान पुन्हा आलं. पायलट पोरगा खोडकर असावा. किंवा मोठी आई त्याला म्हणाली असेल, आणखी एक चक्कर मार.

इकडं मोठे बाबा धीट झाले होते. भोवती जमलेल्या लोकांना ते हातवारे करून सांगत होते, "आता डाव्या अंगाले कलतीन. पाहा, कलले का नाही? म्या सांगतलं होतं तिले, घाबरायचं नाही." बाबा त्यांच्यापासून लांब जाऊन उभे राहिले होते. भावापासून लांब उभे असलेले बाबा मी त्याआधी कधी पाह्यले नव्हते.

विमान उतरलं. मोठी आई खाली उतरली तेव्हा वाऱ्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती थरथरत होती. मी पळत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारली. तिचे हात बर्फासारखे. "पानी दे वं," ती म्हणाली.

पुढं जे झालं ते मी कुणाला सांगितलं तर लोकांना वाटतं मी रचून सांगते. भाषण संपल्यावर मानाचं उड्डाण करणाऱ्या शूर वैमानिकाचा सत्कार होता. शाल आणि नारळ. भोंग्यावरच्या गृहस्थांच्या कागदावर मोठ्या बाबांचं नाव होतं, म्हणून त्यांनी ते वाचलं. आणि मोठे बाबा गेले. नाही म्हणाले नाहीत, मागं बघितलं नाही. छाती काढून गेले. पाहुण्यांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, पाठ थोपटली. "वर कसं वाटलं?" म्हणून विचारलं. मोठे बाबा म्हणाले, "सवय हाय साहेब आपल्याले."

टाळ्या. पायलट लांबून बघत होता. त्यानं मोठ्या आईकडं पाह्यलं, आणि खांदे उडवून आपल्या विमानाकडं गेला.

बाबा परत येताना ट्रकजवळ भावाला म्हणाले, "दादा, ते शाल तरी वहिनीले द्या. थंडीनं कुडकुडून राह्यली ते." आवाज वर न करता, पण आम्हा सगळ्यांसमोर. मोठे बाबा म्हणाले, "तिले काऊन? मागं बोरे हायेत ना पांघराले." आणि शाल नीट करून पुढं चाचाच्या शेजारी जाऊन बसले. बाबा मात्र पुढं बसले नाहीत. ते मागं आमच्यात आले. त्यांनी बोऱ्या झटकून मोठ्या आईच्या अंगावर घातल्या. तिनं फडक्यातली भाकर आणि ठेचा काढला आणि जेवायला लागली. सकाळपासून कुणी काही खाल्लं नव्हतं. आमचंही खाऊन झाल्यावर ती उरलेली भाकर मोडून खात होती. इतक्या आनंदानं जेवताना मी तिला कधी पाह्यलं नव्हतं.

मोठ्या बाबांनी पुढं वर्षानुवर्षं त्या दिवसाची गोष्ट सांगितली. आधी त्यात ते तिला धीर देत. मग तिच्या शेजारी बसत. मग ती गोष्टीतून गेलीच आणि ते एकटे उडाले. लग्नात, तेराव्यात, पंचायतीच्या पारावर. ते अजून तिच्या शेजारी बसत होते तेव्हा मी एकदा भर पंगतीत म्हणाले, "मोठे बाबा, त्या विमानात जागा दोनच असतात." तर पंगतीतल्या एका शहाण्यानं मलाच विचारलं, "तू कितीदा बसली वं विमानात?" पुरुष हसले. आमच्या भागातल्या पुरुषांना अशा वेळी हसू फार लवकर येतं.

बायका मात्र मोठ्या आईकडं यायच्या. संग्रामपूरहून, टुनकीहून, कुणाकुणाच्या माहेरच्या. दुपारी पुरुष वावरात गेले की यायच्या. वाटेनंच कुणाला तरी विचारत यायच्या, "विमानवाल्या बाईचं घर कोनतं?" ओट्यावर बसायच्या, पाणी प्यायच्या, आणि मग जरा पुढं सरकून विचारायच्या, "खरं सांग वं माय, वरतं कसं वाटते?"

मोठी आई निवडायच्या डाळीतला एक खडा उचलून टाकायची. मग सांगायची, "थंडी लय वाजते. जाशीन तं सोटर घालून जाय."